पुढच्या तीन वर्षांच्या बदल्यात

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळचे सहा.
इअरी शहर, डायलिसिसचा दवाखाना.
बाहेर सरोवरावरून आलेला बर्फ गाड्या पुरतोय.
आत चार खुर्च्या, चार यंत्रं,
आणि आमचं रक्त बाहेर फिरून घरी येतंय
शाळेतून सुटलेल्या पोरासारखं.

बातमी काल रात्रीची :
आपल्या संघानं चौतीस वर्षांचा क्वार्टरबॅक घेतला,
खांदा दोनदा शिवलेला,
पाच संघांचं पाणी प्यायलेला,
आणि बदल्यात देऊन टाकल्या
पुढच्या तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी.
तिन्ही.

“बियाणं दळायला टाकलं,” कॅझिमिर म्हणतो.
चाळीस वर्षं त्यानं रेल्वेची इंजिनं रंगवली,
अजून त्याच्या नखांच्या कडा निळ्या आहेत.
“पोरं आणायची, वाढवायची, चुकू द्यायची.
संघ असा होतो. असा विकत मिळत नाही.”

“भूक आज लागलीये,” टेव्हिन म्हणतो.
वय तेवीस. यादीत नाव लागून दोन वर्षं झाली,
फोन उशाशी घेऊन झोपतो.
“तीन वर्षांनी येणारा तो कोण, मला काय त्याचं?
मला या जानेवारीत जिंकायचंय.”

यावर कुणी काही बोलत नाही.
टेव्हिनचं यंत्र तेवढं ओरडतं.
लुडमिला येते, एक बटण दाबते,
त्याच्या दंडावर उगाच हात ठेवून जाते.

मी एकाहत्तर वर्षांचा, मधल्या खुर्चीत,
मतानंही मधलाच.
खरं सांगायचं तर मला वाटलं होतं
म्हातारा आज मागेल आणि पोरगा उद्या.
उलटंच निघालं.

“पुरे,” ओडेसाबाई म्हणतात.
तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली,
मागे न बघता त्यांना कळतं कोण भांडतंय.
“रक्तदाब चढतात तुमचे. सिनेमे सांगा. आवडता, एकेक.”
आणि स्वतःच सुरू होतात :
एक अवाढव्य गोगलगाय धरण खाते,
तीन दिवस लागतात तिला,
आणि गावातलं कुणीही पळत नाही,
कारण पगार शुक्रवारी असतो.
हसताना आमच्या नळ्या हलतात.

मी सांगितला तो, मोकळ्या मैदानात गाडीतून पाहिलेला.
खिडकीला अडकवायचा आवाजाचा डबा बिघडलेला होता,
मर्लीननं सगळे संवाद स्वतःच म्हटले,
नायकाचे, खलनायकाचे, घोड्याचेसुद्धा.
खरा सिनेमा कशाबद्दल होता
ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

टेव्हिनला आवडता सिनेमा नाही.
“मध्येच झोप लागते,” म्हणतो.

कॅझिमिर बराच वेळ छताकडे बघतो.
“चर्चच्या तळघरात दाखवला होता. मी नऊ वर्षांचा.
एक माणूस गोठलेल्या नदीवरून चालत निघतो,
पलीकडे दिवा.
अर्ध्यात गेला आणि फिल्म जळाली.
फादर म्हणाले, उरलेला पुढच्या रविवारी.
पुढच्या रविवारी रिळं दुसऱ्या गावाला गेलेली.”

“मग?”

“मग काही नाही. अजून चालतोय तो.
थंडी पडली की आठवतो.”

“आणि हा तुमचा आवडता?
शेवटच नसलेला? पैसे परत मागायचे ना!”

“फुकट होता रे,” कॅझिमिर म्हणतो.
“तेवढंच एक माझ्याकडं न बघितलेलं शिल्लक आहे.
आणि त्या तीन निवडी होत्या.”

दहा वाजता सुया निघतात.
कापूस दाबून बसायचं, दहा मिनिटं, घड्याळ लावून.
टेव्हिनचं रक्त लवकर थांबतं, तो आधी सुटतो.
खिडकीतून दिसतं,
तो कॅझिमिरच्या गाडीची काच खरवडतोय
एका हातानं, दुसरा जपून,
फक्त चालकाच्या बाजूची,
मग थांबून पलीकडचीही.

कॅझिमिर दारात पोचतो तेव्हा तो ओरडतो,
“जानेवारीत बघू!”
म्हातारा किल्ली शोधत बोटं मोजतो,
तीन, हातमोज्यातून,
आणि ती तशीच वर धरतो.

माझी अजून चार मिनिटं आहेत.