कुजबुजीचे अडीच तास

अग्निशमन दलाच्या हॉलमधून लाल बंब बाहेर काढून
एकशे ऐंशी खुर्च्या मांडल्यात.
डिझेलचा वास तेवढा आत राहिलाय.
आल्प्सच्या पायथ्याशी हे गाव, खानावळ तीन वर्षं बंद,
आता तिथे कुणाला राहू द्यायचं यावर सभा.
मी शेवटच्या रांगेत, पेतिमातच्या डाव्या कानाशी;
उजव्यानं तिला ऐकू येत नाही,
ग्रोझनीत त्या बाजूला भिंत होती.

माझं काम कुजबुजायचं.
नियम एकच: बोलणारा 'मी' म्हणाला
की मीही 'मी' म्हणायचं,
'तो म्हणतो की' नाही.
म्हणून सव्वासातला मी लाइटगेब झाले, निवृत्त सुतार,
आणि तिच्या कानात म्हणाले:
मला हे लोक माझ्या गल्लीत नकोत.
तिनं मान डोलावली.
माझ्या तोंडाला तिनंच दिलेल्या पुदिन्याच्या गोळीचा वास होता.

मग मी झाले ग्रूबरबाई, पहिलीची शिक्षिका:
एकोणीस मुलं, त्यातल्या अकरांना
'कात्री' म्हणजे काय ते कळत नाही.
मी कात्री उचलून दाखवते. रोज.
मी कुणाचा द्वेष करत नाही हो, मी थकलेय.
हे मी कुणाच्या वतीनं बोलले
ते क्षणभर माझं मलाच कळेना.
कात्रीला इथे 'शेअरे' म्हणतात.
मला दोन दिवस लागले होते, नवव्या वर्षी.

एक दाढीवाला तरुण शहरातून आलेला.
त्यानं टक्के सांगितले, पेन्शनचं गणित सांगितलं,
आपल्याला यांची गरज आहे, म्हणाला,
छताला खांबाची असते तशी.
लाइटगेबपेक्षा
इथेच माझी जीभ जास्त अडखळली.

कुणी ओरडलं, कुणी टाळ्या वाजवल्या.
टाळ्यांचं भाषांतर करायचं नसतं.
पेतिमातनं तरी विचारलंच:
या आपल्यासाठी, की आपल्यावर?

शेवटी महापौर उठले. म्हणाले,
ठरवायला हवं, इथे कसं जगायचंय...
कुणी ठरवायचं?
जर्मनला एकच शब्द पुरतो, 'वीअर'.
दार उघडं की लोटलेलं, ते शब्द सांगत नाही, चेहरा सांगतो.
आमच्या चेचेनमध्ये दोन आहेत:
एकात ऐकणारा धरलेला, एकात वगळलेला.
उंबऱ्यावर उभं राहायची सोय नाही.
'आम्ही' म्हणावं तर पेतिमात बाहेर,
'आपण' म्हणावं तर आत,
आणि कडी माझ्या हातात.
चेहरा बघावा म्हटलं तर मध्ये लाइटगेबचं टक्कल.
तीन सेकंद गेले असतील.

मी म्हणाले, आपण.

खोटं होतं का, ते महापौरांनाही सांगता आलं नसतं.

पेतिमातनं लगेच हात वर केला.
आता मी पेतिमात, उभी, मोठ्यानं, जर्मनमध्ये:
तुम्ही आपण म्हणालात म्हणून विचारते.
खानावळीपुढे तो चढ आहे.
हिवाळ्यात तिथला बर्फ कोण काढतं?
फावडं आमचं आणायचं, की तिथे असतं?

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी हसलं, मग थांबलं.
लाइटगेब मागे वळला,
तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत. सगळे असंच बघतात.
फावडं माझ्याकडे आहे, म्हणाला.
पुढे काही बोलणार होता, बोलला नाही.
त्यात होकार नव्हता.
मी माझ्या पदरचा घातला नाही.

दाराशी अर्ज भरला: भाषा चेचेन, तास अडीच,
शेऱ्याची जागा कोरी.
लाइटगेबची बायको कोट चढवत जवळ आली:
आणि तुमचं स्वतःचं मत काय?
मी तोंड उघडलं.
इतका वेळ वापरलेला तो एक अक्षराचा शब्द
जागेवर नव्हता.

मागे बंब उलटा आत घेत होते,
कुणीतरी हातवारे करत ओरडत होतं,
अजून, अजून थोडा,
बस.