कडी जिथे कडीला लागते

दोसिंदाने तराफ्याखाली साखळीचे तीन तुकडे सोडले,
सात-सात कड्यांचे,
लाल, पिवळ्या, निळ्या दोरीने बांधून.
शिनाण्यांच्या दोरांच्या गर्दीत
ते दिसायचेही नाहीत.

आदल्या हिवाळ्यात शेजारच्या एलादिओचा तराफा सुटला होता.
चाळीस टन शिनाणे घेऊन
अरोसाच्या खाडीतून निघाला, खडकावर जाऊन बसला.
विम्याच्या माणसाने तुटकी कडी नखाने खरवडली,
कांद्यासारखे पापुद्रे निघाले.

लाल दोरी: विजेच्या हौदातली.
विगोहून आलेल्या विक्रेत्याने ती टेबलावर ठेवली
आणि स्वयंपाकघर उजळलं.
जस्ताचा थर आठ मायक्रॉन,
म्हणजे केसाच्याही कितीतरी पातळ, तो म्हणाला.
अभिमानाने म्हणाला की चुकून,
दोसिंदाला कळलं नाही.

पिवळी: साडेचारशे अंशांच्या कढईतली.
आधी आम्लाने अंघोळ, मग वितळलेल्या जस्तात बुडी,
बाहेर आली की गदागदा हलवायची,
नाहीतर कड्या एकमेकींना धरून बसतात.
हिच्या दोन बसल्याच होत्या.
पोराने हातोडी घालून सोडवल्या.
अंगावर गोठलेले थेंब,
घाईत सारवलेल्या भिंतीसारखी.

निळी बासिलिओच्या पिंपातली.
वाळू, जस्ताची भुकटी आणि साखळी,
झाकण घट्ट लावून आचेवर फिरवत राहायचं.
"चेस्टनट भाजतो तसं," म्हातारा म्हणाला,
"फक्त खायची घाई नाही."
राखेच्या रंगाची निघाली.
पण राख सांदीकोपऱ्यात पोचलेली.

एकोणीस महिने.

लाल तिसऱ्याच महिन्यात विटली.
पांढरी पूड, तांबूस डाग, मग नुसतं लोखंड.
वहीत दोसिंदाने लिहिलं: नको.

पिवळीवर हातोडीची खूण होती
तिथे ती भिंग घेऊन बसली.
जस्त उडालेलं, तरी गंज नाही.
आजूबाजूचं जस्त
त्या उघड्या जागेच्या वाट्याचं झिजत होतं.
गंजण्यापेक्षा झिजणं बरं, असं म्हणतात.
म्हणणाऱ्याने जस्त पाहिलं नसावं.
ते दोन्ही करतं,
आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

मग तिने कड्या वाकवून आतली बाजू पाहिली.
जिथे कडी कडीला लागते, भरती-ओहोटीला घासते,
तिथे लाल, पिवळी, निळी
तिन्ही सारख्याच उघड्या.
कढई, पिंप, हौद,
त्या बोटभर जागेचा उपाय कोणाकडेच नव्हता.
जिथे धरून ठेवायचं, तिथेच झीज.
हे तिने वहीत लिहिलं नाही.

मागणी पिवळीची दिली, एक नंबर जाड.
बासिलिओच्या पिंपात तीस मीटर साखळी मावत नाही,
हे त्यालाही ठाऊक होतं, तरी दोन रविवार बोलला नाही.
फोनवर कारखान्याला एवढंच सांगितलं:
हातोडी जरा बेताने.

आता दर सप्टेंबरात ती साखळी काढते
आणि उलटी लावते,
वरचं टोक खाली, खालचं वर,
झीज वाटून जावी म्हणून.

निळा तुकडा अंगणाच्या फाटकाला आहे.
अजून राखाडीच.