वापरलेला, चालू स्थितीत

तापकीर गल्लीतल्या तांबोळींनी
पिशवीत घालून दिला लॅपटॉप.
म्हणाले, "फॉरमॅट मारलाय बाई, अगदी कोरा."
कोरा नव्हता.
घरी येऊन माऊस लावला
तर बटणं उलटी. डावं ते उजवं.
म्हणजे आधीचं माणूस डावखुरं.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर एकतीस वर्षं
मी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करते.
माणूस समोर बसतो, सांगतो, सही करतो,
आणि तरी कळत नाही.
हे माणूस समोर नव्हतं,
नुसतं सेटिंग्जमध्ये होतं.

तर तुम्हीही जुनं यंत्र घेणार असाल तर ऐका.
आधी पंखा साफ करा,
रंगाचा कोरडा ब्रश चालतो, फुंकर मारू नका, थुंकी उडते.
माझ्या पंख्यात माती निघाली. लाल. धूळ नव्हे, माती.
मग बघा सुरू होताना कोण कोण बरोबर उठतं.
एका घरात अकरा जणांनी एकदम
न्हाणीघराकडे धावावं तसं चाललेलं असतं.
नऊ जणांना झोपू दे म्हणावं.
बॅटरी ऐंशीवर थांबवा.
पोट थोडं रिकामं ठेवून उठावं,
हे यंत्रालाही लागू आहे.

कॅप्स लॉकचं बटण मराठीत कुणाच्या कामाचं?
आपल्यात क वाक्यात पहिला आला म्हणून
उंच होत नाही.
ते बटण भाषा बदलायला लावता येतं.
मला हे ठाऊक नव्हतं.
त्या माणसाने लावून ठेवलं होतं.

पडदा रात्री नऊला पिवळा व्हायचा
आणि दोन चाळीसला पुन्हा पांढरा.
दोन चाळीसला कोण उठतं?
शब्दकोशात त्याने स्वतः घातलेले शब्द सापडले:
जरबेरा, पॉलिहाऊस, पोटॅश, गुलटेकडी, तळेगाव.
हं. फुलांची गाडी.
पहाटे मार्केट यार्डात पोचायची.

मग मी एकेक काढत गेले.
डाव्याचं उजवं केलं. दोन दिवस हात चुकत राहिला,
जणू मीच मुळात डावखुरी होते.
पिवळा रंग काढला,
मग डोळे चुरचुरले, म्हणून परत लावला.
जरबेरा ठेवला. कधी लागेल सांगता येत नाही,
परवाच एक वाटणीपत्र आलं होतं
ज्यात बागेचा गुंठा-गुंठा होता.

आणखी एक युक्ती, खरं तर हीच सांगायची होती.
रोज तेच तेच टाइप करत असाल
तर त्याला दोन अक्षरांचं टोपणनाव द्या.
मी "सप्र" लिहिते,
अख्खं "सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की" उमटतं.
माझी बोटं तीस वर्षांनी लहान झाली.
हे करायला यादी उघडली
तर तिथे आधीपासून एकच ओळ होती.
"मठी" लिहिलं की यायचं:
मी ठिक आहे. जेवून घे. वाट बघू नको.

एवढंच. ना कुणाचं नाव, ना पत्ता.
किती वेळा लिहावं लागलं असेल
म्हणजे माणूस त्याचं टोपणनाव करतो?
तांबोळींना विचारलं, कुणाचा होता हो?
म्हणाले, "बाई, गोणीतून येतात."

पुसायला बोट ठेवलं होतं.
तेवढ्यात साताऱ्याहून कुमुदचा निरोप,
आठ वाजले, कुठेस, पोचलीस का घरी.
पोचले नव्हते. टपरीच्या दिव्याखाली
एका म्हाताऱ्याचं वारसपत्र अर्धं राहिलं होतं.
मी तीन अक्षरं दाबली.

ती ओळ अजून आहे.
त्यातलं "ठिक" तेवढं मी दीर्घ केलं.