काचपट्टी

कारेलीबागेत, सौजन्य फ्लॅट्सच्या खाली
स्कूटर लावायला मोकळी सोडलेली जागा.
वर चार मजले, खाली नुसते पाय.
मी टॉर्च दातांत धरून
सहा नंबरच्या खांबापाशी उकिडवा बसलो,
प्लास्टर खरवडलं.
सळई गंजलेली.
तिला आवळणाऱ्या रिंगा वीत वीत अंतरावर,
नकाशात त्या चार बोटांवर होत्या.

मागे माणसं उभी,
बारावीचा निकाल वाचणाऱ्याकडे बघावं तशी.
जशवंतीबेननी विचारलं, 'भाई, रहेवाय के नई?'
बघतो, म्हटलं.
तीन दिवसांत हा एकच शब्द
मी किती घरांत ठेवून आलो.

दुसऱ्या मजल्यावर राजेशिर्के सांगत होते,
आधी झोपाळा हलला.
कोणी बसलेलं नाही, आणि कड्या करकरतायत.
मी ओरडलोसुद्धा, कोण आहे म्हणून.

गच्चीत टाकीच्या पाइपला
उत्तरायणचा मांजा अजून गुंतलेला.
त्या दिवशीचा भार मी मनात मांडला:
पन्नासेक माणसं, दोन स्पीकर, उंधियूचं पातेलं,
आणि पेच कापल्यावरच्या उड्या.
तेव्हा हिनं काही म्हटलं नव्हतं.

खाली येऊन भेगेवर आडवी काचपट्टी बसवली,
दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिस,
काचेवर तारीख.
भेग वाढली तर आधी ही तुटेल, मी समजावलं,
माणसांच्या आधी.
तोवर कोणी आत झोपायचं नाही.
गरब्याच्या मैदानात मांडव होताच.

रात्री दांडियाबाजारात, जेवताना,
बायको म्हणाली, आणि आपलं कोण बघणार?
मी ताटावरून उठून
स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवलं.
भिंत भिंतीसारखी वाजली.
मला ते पुरलं नाही.

आठव्या दिवशी गेलो तर
काच तुटलेली.

लाल खडू काढला.
हात खांबापर्यंत गेला, मग सवयीनं
भेगेवर पट्टी धरली.
तेवढीच होती. केसभरही वाढलेली नाही.
पुन्हा मोजली. तेवढीच.

एका बजाज स्कूटरच्या आडून
जशवंतीबेनचा नातू, चिंतन,
माझ्याकडे नाही, खडूकडे बघत होता.
हातातली बॅट पाठीमागे.
मी काही विचारलं नाही.
तोच म्हणाला, मैदानात ना,
पप्पा पण आमच्या मधेच झोपतात.
काल त्यांनी तारे दाखवले, तीन नावं चुकीची सांगितली.

मी नवी काच बसवली.
ओलं प्लास्टर सुकेपर्यंत
आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, पावडरीच्या हातांनी.
मग खांबावर पिवळ्या खडूनं लिहिलं:
खांब बांधून घ्यावा. आणखी दहा दिवस राहू नये.

खांबाला सात पुरले असते.