रेघेपासून एक वीत

सिंक निघालं तेव्हा भिंतीवर
एक चौकोनी फिकट जागा उरली,
बांगड्या काढल्यावर मनगट दिसतं तशी.
आणि तिच्याखाली तीन तोंडं:
दोन पितळी, बारीक. एक काळं, रुंद,
ज्यातून अकरा वर्षांचं खरकटं खाली गेलं
आणि आता नुसता वास वर येत होता.

सोपान गांगुर्डे, प्लंबर, त्रिमूर्ती चौकातला,
द्राक्षाच्या पालथ्या क्रेटवर बसून म्हणाला,
"आधी वरचा कॉक बंद. मग खालचा नळ सोडा.
पाइपात अडकलेलं पाणी निघून जाऊ द्या,
भरल्या पाइपाला हात लावू नये."
मी न्हाणीतला नळ सोडला.
आधी धार, मग करंगळीएवढी, मग थेंब,
मग एक उसासा. नळाचाच.

मी म्हटलं, सिमेंट ठोक तिन्हींत.
मेस बंद म्हणजे बंद.
अंबडच्या कंपनीत कॅन्टीन निघालं
आणि पोरं एकेक करून वही मिटवून गेली.
शेवटी उरला कळवणचा एक पवार,
भाजीत मीठ कमी म्हणायचा
आणि भात दोनदा घ्यायचा.
त्याच्या एकट्यासाठी शिट्टी वाजली की
मला कुकरचीच लाज वाटायची.

सोपान हसला नाही. दात घासायच्या जुन्या ब्रशने
त्याने आटे साफ केले, फडक्याने कोरडे केले,
प्लगवर टेफलॉन टेप गुंडाळत गेला, आट्यांच्या दिशेने.
"उलटी गुंडाळली तर आवळताना सुटत जाते, मावशी."
दहा वेढे. मी मोजले,
पोळ्या मोजायची सवय.
मग प्लग हाताने फिरवला. हात थांबला तिथून
पान्याने एक फेरा, वर थोडासा,
बस्स.
"जास्त जोर केला की भिंतीतला एल्बो तडकतो."
मी मान हलवली.
या घरात जास्त जोराने काय काय तडकलंय
ते त्याला कशाला सांगू.

रुंद तोंडात तर सिमेंट घालूच दिलं नाही.
वरच्या मजल्याचं पाणी याच लाइनीने उतरतं,
एक गोळा आत घसरला तर
त्यांचं तांदळाचं धुवण माझ्या खोलीत.
रबराची टोपी, भोवती पट्टी, स्क्रू आवळला.
"आता वास नाही, झुरळं नाहीत,
आणि कधी लागलं तर उघडता येईल."

लागलं तर.

सगुणा आली तेव्हा सगळं उरकलं होतं.
दोन वेळची चाळीस चाळीस ताटं तीच घासायची,
तिच्या पोटाशी घासून घासून
सिंकच्या कडेचा आरसा झाला होता.
"भंगारात नका देऊ," एवढंच म्हणाली
आणि रिक्षात मांडीवर उभं धरून
विल्होळीला घेऊन गेली.
परवा तिचा फोन: कोंबड्या पाणी पितात त्यातून,
एका पिल्लाचा पाय जाळीत अडकला होता,
अख्खी गल्ली गोळा झाली.

त्या रात्री सोपानने सांगितलं तसा
प्लगांखाली कोरडा पेपर अंथरला.
पहाटे साडेपाचला महापालिकेचं पाणी आलं,
भिंतीत कुणीतरी कूस बदलली.
दिवा न लावताच मी पेपरवर हात फिरवला.
कोरडा. दुसऱ्यांदा फिरवला. कोरडाच.
चहा ठेवला, एक कप.

आता तिथे पिको-फॉलचं मशीन आहे.
जाताना सोपानने पेन्सिलीने
प्लगपासून छतापर्यंत रेघ ओढली होती:
"आत पाइप आहे. खिळा मारायचा तर
या रेघेपासून एक वीत सोडून."
रंग देणाऱ्याला मी ती पुसू दिली नाही.

साडी घेऊन येणारी कुणी ना कुणी विचारते,
कॅलेंडर असं कोपऱ्यात का लावलंय,
मधली भिंत तर रिकामी आहे.
मी म्हणते, तिकडे पाणी आहे.
ती भिंतीकडे बघते,
मग माझ्याकडे.