राखाडी चौकटी

पायसांदूमध्ये, उरुग्वाय नदीच्या काठी,
नोटरीच्या कचेरीत खिडकीजवळच्या टेबलाशी
सुल्मा बेन्तांकुर बसायची.
एका जुलैत, ऐन थंडीत,
कुणा भाडेकरूनं तिच्या फाइलमधून
एक शब्द उडवला: नाही.
एवढाच. दोन अक्षरांचा.
करारातलं अख्खं शेत त्या फटीतून
पलीकडच्या माणसाकडे निघून गेलं.

(आपल्याकडे ध चा मा झाला
तेव्हा निदान एक अक्षर लिहावं तरी लागलं होतं.
इथं बोट टेकलं, आणि झालं.)

त्या संध्याकाळी तिनं
नळीनं ओढायचा तो कडू हिरवा काढा थंड होऊ दिला
आणि मसुद्याला कुलूप घातलं.
सगळ्याला नाही. सगळंच बंद केलं
तर तो शिलालेख, फॉर्म कसला?
माणसं बदलतात, पत्ते बदलतात,
रकमा तर सही होईस्तोवर बदलतात;
तिथं तिथं राखाडी चौकट.
उरलेलं पांढऱ्यावरचं काळं: हात लावायचा नाही.

मग कर्सर चिमणीसारखा,
टॅबसरशी या चौकटीतून त्या चौकटीत.
मधल्या कलमांवर कितीही टिचक्या मारा,
संगणक रागवत नाही, ओरडत नाही,
बहिऱ्या काकासारखा
ऐकूनच घेत नाही.

पासवर्ड तिनं कुणाला सांगितला नाही,
एल्बिओसाहेबांनाही नाही, आणि ते तर नोटरी.
निवृत्त झाली, मुलीकडे साल्तोला गेली,
तिथं हळूहळू
तिला तिचंच बरंचसं आठवेनासं झालं.

तेव्हा कुठे आनिबालच्या लक्षात आलं,
कुलपाच्या आत एक चूक राहून गेलीय.
सुल्माचा कीबोर्ड परदेशी.
त्यावर ती लाट नव्हती, 'न'च्या डोक्यावरची,
जिच्यामुळे त्यांच्या भाषेत वर्ष हे वर्ष असतं.
लाट नसली तर जे होतं
ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.
अकरा वर्षं कचेरीतला प्रत्येक करार
त्या अवयवात झाला होता,
कायदेशीर, शिक्क्यासकट.

सगळं नव्या फाइलीत उतरवून घेणं अवघड नव्हतं.
असलं कुलूप म्हणजे दारापुढची रांगोळी,
ज्याला ओलांडायची तो ओलांडतो,
बाकीचे पाय जपतात.
आनिबाल उद्या करू म्हणत राहिला.

मग देओलिंदा फागुंदेस आल्या.
संत्र्यांची बाग विकायची होती.
"पण विहिरीजवळचं एक झाड नाही.
ते तोडायचं नाही. आणि वर्षातून एकदा
मला तिथं येऊ द्यायचं, डबा घेऊन.
कारण लिहू नकोस."

झाडासाठी चौकट नव्हती.
'इतर' नावाची एक होती, बोटाच्या पेराएवढी.
तिच्यात तो लिहीत गेला.
चौकट फुगली. एक ओळ, तीन, अकरा.
खालचं सहावं कलम निमूट सरकलं,
सातवं दुसऱ्या पानावर गेलं
आपलं सामान उचलून,
एकही अक्षर न सांडता.
आनिबाल बघत राहिला.
सुल्मानं हेही योजलं होतं
की ते आपलं आपणच होत होतं,
साल्तोला फोन करून उपयोग नव्हता.

कागद निघाले, अजून ऊबदार.
बाईंनी चष्मा लावला.
चाळीस वर्षं तिसरीच्या वह्या तपासलेला हात
सहीच्या जरा वर थांबला.
'न'कडे पाहिलं. आनिबालकडे पाहिलं.
आणि 'न'च्या डोक्यावर
शाईची एक लाट काढली.

"खाडाखोड अशी चालत नाही," एल्बिओसाहेब म्हणाले,
"शेजारी छोटी सही करा."
केली.
मोठ्या सहीपेक्षा ती
थोडी मोठीच झाली.