नऊ व्होल्ट

फ्रान्सिसटाउनमध्ये ब्लू जॅकेट स्ट्रीटवर माझं दुकान.
रेडिओ, इस्त्र्या, एकदा एका पाद्र्याचं श्रवणयंत्र.
गिटारी क्वचित.

मोआगी आला तेव्हा दुपारचे चाळीस अंश
आणि हा टाचेपर्यंत काळ्या चामड्यात,
छातीवर लोखंडी टिकल्यांच्या रांगा, डोक्यावर गुराख्याची टोपी,
घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला.
आजारी शेळी आणावी तशी त्यानं गिटार आणली
आणि काउंटरवर आडवी केली.
म्हणाला, म्मा, हिच्यातून दोघं बोलले पाहिजेत.

दोघं भाऊ वाजवायचे.
हा जाड आवाजाचा. धाकटा त्शेनोलो बारीक, धारदार.
धाकटा रुस्टेनबर्गला गेला, प्लॅटिनमच्या खाणीत,
आपली गिटार घेऊन.
पुढच्या महिन्यात गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर कार्यक्रम.
गाणी तीच, हात निम्मे.

मी स्क्रू काढले, पिकअप उचलला.
हे बघ, म्हटलं, दोन कॉइल, शेजारीशेजारी,
केसाहून बारीक तांबं, हजारो वेढे,
एक या अंगानं वळलेली, दुसरी त्या.
विजेची भुणभुण दोघींत शिरते
आणि उलटसुलट होऊन एकमेकींतच जिरते.
यातली एक तोडली की आवाज बारीक होतो,
तुझ्या भावाच्या जवळपास.
पण जरा पडतोही. आणि भुणभुण परत येते.

दुसरा मार्ग ॲक्टिव्हचा.
पोटात इवलासा ॲम्प्लिफायर, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी.
नॉब दाबलेला असला की दोघी,
वर ओढला की एकटी,
आणि तरीही शांत.
मात्र मागे लाकडात खड्डा खणावा लागेल,
झाडून सगळे पॉट बदलावे लागतील,
आणि बॅटरी मेली की गिटार म्हणजे जेवायचा पाट.

किती?
आमच्या पैशाचं नाव पुला, म्हणजे पाऊस.
अठराशे पाऊस, मी म्हटलं.
हसला नाही.

एक नग पडून होता, कुणी मागवून न नेलेला.
तात्पुरता जोडला, चिमटे लावून.
मोआगीनं हात मारला तसे फळीवरचे पाने थरथरले.
मग नॉब ओढला.
बारीक आवाज आला, स्वच्छ, साल काढल्यासारखा.

तो थांबला. कान ॲम्पला लावला.
कुठंय?
काय कुठंय?
ते, गाणं सुरू व्हायच्या आधीचं.
त्शेनोलो नुसता उभा असला तरी यायचं.
डोळे मिटले तरी कळायचं, हा डावीकडे आहे.

मी तीस वर्षं भुणभुण मारत आले,
कपॅसिटर बदलून, पत्र्यानं झाकून, जमिनीत सळई ठोकून.
तिची चौकशी करणारा हा पहिलाच.

जुना पिकअप पुन्हा जोडला, एक कॉइल तोडली.
आली.
तो स्टुलावर बसून ऐकत राहिला. वाजवलं काहीच नाही.
बाहेर बुलावायोच्या बसवर कुणीतरी गादी चढवत होतं,
ती दोनदा पडली.

मैदानावर जनरेटर असतो ना, म्मा?
असतो.
मग तिथे ही गाण्याला खाईल.
हाडांसकट.
बराच वेळ गेला.
नवाच बसवा.

खड्डा खणला, भुसा फुंकला, झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं:
वाजवून झालं की वायर काढ, नाहीतर बॅटरी रात्रभर जळते.
पैसे त्यानं तीन खिशांतून काढले.

जुना पिकअप मी पाकिटात घालून दिला.
त्यानं पाकीट परत केलं, पिकअप हातात घेऊन उलटसुलट पाहिला,
आणि खिसा शोधता शोधता
तो छातीवरच्या एका टिकलीला टक् करून चिकटला.
डावीकडे.

त्यानं काढला नाही.
चार रंगीत तारा लोंबत होत्या,
तसाच गेला, उन्हात.